नव्या रीइश्यूमध्ये तोच दोष पुन्हा पुन्हा: टेप, तबकडी की घरचं यंत्र?

चित्रपटांच्या पार्श्वसंगीताचे रीइश्यू (जुन्या अल्बमच्या नव्या आवृत्त्या) जमवणाऱ्यांची एक तक्रार वर्षानुवर्षं तशीच आहे. नवी एलपी किंवा सीडी येते, लावली की कुठेतरी टकटक, खरखर, हलणारा सूर नाहीतर फाटलेला आवाज ऐकू येतो. बदलून मागवली तर दुसऱ्या प्रतीतही तेच, त्याच जागी. तिसरी मागवेपर्यंत साठा संपलेला असतो, कारण असे अल्बम अनेकदा हजार-दोन हजार, फार तर पाच हजार प्रतींपुरतेच निघतात.

दुसरी प्रतही तशीच का निघते, याचं उत्तर दोष कुठे जन्मला यात आहे. अशा जागा पाच: मूळ टेप, मास्टरिंग (टेपवरून छपाईसाठीचा अंतिम आवाज तयार करणं), लॅकर (खाच कापायची मऊ लेपाची चकती) कापून त्यावरून स्टँपर (प्रती छापायचा धातूचा साचा) बनवण्याचं काम, प्रत्यक्ष प्रेसिंग (प्रती दाबून काढणं) आणि शेवटी घरातलं यंत्र. प्रत बदलून फक्त प्रेसिंगचा दोष जातो. मास्टरिंगचा किंवा स्टँपरचा दोष लेबलने, म्हणजे अल्बम काढणाऱ्या कंपनीने, ते काम नव्याने केलं तरच जातो. टेपमध्येच नसलेलं कोणी आणून देऊ शकत नाही. आणि घरचा दोष कितीही प्रती बदलल्या तरी वाजतच राहतो. म्हणून तक्रार लिहिण्याआधी जागा शोधायची. त्यासाठी महागडं काही लागत नाही: स्टॉपवॉच, मिलिमीटरची पट्टी, तेज टॉर्च, हेडफोन आणि ध्वनिलहर दाखवणारा ऑडॅसिटीसारखा एखादा मोफत प्रोग्रॅम.

आधी जे दोषच नाहीत ते बाजूला काढा

तक्रारींचा मोठा हिस्सा इथेच गळतो. सगळ्यात नेहमीची तक्रार म्हणजे ‘चित्रपटात ऐकलेलं संगीत वेगळं आहे, हे तुकडे चुकीचे घातलेत’. अल्बम आणि चित्रपट यांची रेकॉर्डिंग कित्येकदा वेगळीच असतात. जॉन विल्यम्स यांच्या ‘जॉज’चा १९७५चा एमसीए कंपनीचा अल्बम हा चित्रपटातला ट्रॅक नव्हता, तो खास अल्बमसाठी पुन्हा वाजवून घेतलेला होता. चित्रपटातलं मूळ रेकॉर्डिंग सीडीवर २००० साली आलं, आणि २०१५च्या इन्ट्राडा कंपनीच्या दोन सीडींच्या संचात दोन्ही रूपं एकत्र मिळाली. जुन्या अल्बमची सवय झालेल्या कानाला चित्रपटाचं रूप ‘संथ’ किंवा ‘कोरडं’ वाटतं आणि दोष मास्टरिंगच्या माथी येतो. आवरणावर ‘मूळ अल्बमचा रीइश्यू’ लिहिलंय की ‘चित्रपटातलं संपूर्ण संगीत’, एवढं आधी वाचलं तरी पुरे.

तुकडे ‘कमी’ असण्याचं कारणही बहुधा जुनंच असतं. अमेरिकेत चित्रपटासाठी वाजवलेलं संगीत अल्बमवर घेतलं की वादकांना संघटनेच्या नियमाप्रमाणे वेगळा मोबदला द्यावा लागतो. त्यामुळे ऐंशीच्या आणि नव्वदच्या दशकांत तीस मिनिटांच्या आसपासचे अल्बम सर्रास निघत. तोच अल्बम जसाच्या तसा पुन्हा निघाला तर तोही तेवढाच भरणार.

दोन एलपींच्या जुन्या संचात एका तबकडीवर १ आणि ४ क्रमांकाच्या बाजू आणि दुसरीवर २ आणि ३ असतील तर तीही चूक नव्हे. एकावर एक तबकड्या टाकणाऱ्या ऑटोमॅटिक चेंजरसाठी तशी जोडणी करत, आणि काही रीइश्यू ती तशीच ठेवतात. मात्र तबकडीच्या मधल्या कागदी लेबलवर एक बाजू छापलेली आणि वाजते दुसरीच, तर ती खरी चूक. तेव्हा लेबलकडे न पाहता शेवटच्या खाचेपुढच्या गुळगुळीत पट्ट्यावर कोरलेला मॅट्रिक्स नंबर (कोणती तबकडी, कोणती बाजू याची खूण) वाचा. तो वाजणाऱ्या बाजूशी जुळत असेल तर फक्त कागद उलटा लागलाय, संगीत शाबूत आहे.

आता वेगाची तक्रार. ‘सीडी चित्रपटापेक्षा खालच्या सुरात वाजते’ असं वाटलं की ज्या व्हिडिओशी तुलना केली तो पाल या टीव्ही पद्धतीचा आहे का पाहा. सेकंदाला २४ चौकटींचा चित्रपट पालमध्ये २५ चौकटींनी चालवतात, म्हणजे ४ टक्क्यांहून थोडा जास्त वेगाने, आणि सूर पाऊण अर्धस्वराइतका चढतो. चार मिनिटांचा क्यू (एका प्रसंगासाठीचा संगीताचा तुकडा) तिथे ३ मिनिटं ५० सेकंदांत संपतो. काळ आणि सूर दोन्ही याच प्रमाणात चुकत असतील तर व्हिडिओ चुकतोय, सीडी नाही.

एकाच क्यूच्या मध्यात आवाज अचानक मोनो होणं, सुस्कारा (टेपचा सततचा ‘स्स्’ आवाज) वाढणं, किंवा मागे पावलांचा, दाराचा आवाज येणं हा बहुतेक वेळा उपलब्ध सामग्रीचा प्रश्न असतो. संगीताची स्वतंत्र टेप हरवली असेल तर संगीत आणि ध्वनिपरिणाम एकत्र असलेल्या ट्रॅकवरून तेवढा भाग घ्यावा लागतो. चांगली लेबलं पुस्तिकेत हे स्पष्ट लिहितात. पुस्तिकेतला स्रोतांविषयीचा परिच्छेद लोक वाचत नाहीत, आणि निम्म्या प्रश्नांची उत्तरं तिथेच असतात.

एलपी: १.८ सेकंदांचं घड्याळ

मिनिटाला ३३⅓ फेऱ्यांच्या तबकडीचा एक फेरा १.८ सेकंदांचा, ४५ फेऱ्यांचा १.३३ सेकंदांचा. एलपीच्या दोषांत एवढा उपयोगी आकडा दुसरा नाही. कुठलाही आवाज बरोबर १.८ सेकंदांनी परत येत असेल तर त्याचा उगम तबकडीच्या फिरण्यात आहे, टेपमध्ये नाही.

*नियमित टकटक.* २० मिनिटांच्या बाजूवर सुमारे ६६७ फेरे असतात आणि ते साधारण ८६ मिलिमीटरच्या पट्ट्यात बसतात. म्हणजे मिलिमीटरला जवळपास ८ खाचा. २ मिलिमीटरचा आडवा ओरखडा किंवा फुगवटा १५-१६ वेळा, म्हणजे अर्धा मिनिट टकटकणार. टकटक किती वेळ चालते त्यावरून खोटीची लांबी कळते, मग टॉर्च तिरकी धरून तेवढ्याच लांबीची खूण शोधायची. ओरखडा दिसला तर तो तुमच्याच प्रतीत आहे आणि बदलून जाईल. बोटाला लागेल असा छोटा उंचवटा असेल तर तो विनाइलमध्ये अडकलेला कणही असू शकतो किंवा स्टँपरला पडलेला पोचाही.

या दोघांतला फरक दुसरी प्रत हाताशी असेल तरच कळतो, आणि इथे बरेच जण फसतात. टकटक कुठे येते हे ते लेबलच्या मजकुरावरून ठरवतात. पण लेबलचा कागद प्रत्येक प्रतीत वेगळ्या कोनात बसलेला असू शकतो. मॅट्रिक्स नंबरची कोरणी मात्र लॅकरवरून किंवा स्टँपरवरूनच आलेली असते, त्यामुळे खाचेच्या हिशोबात तिची जागा एका स्टँपरच्या सगळ्या प्रतींत तीच राहते. तबकडी हाताने फिरवून टकटकीची जागा या कोरणीपासून किती कोनावर आहे ते बघा. दोन्ही प्रतींत वेळ तीच आणि कोनही तोच असेल तर स्टँपर खराब आहे. त्याच स्टँपरची तिसरी प्रत मागवून काही साधणार नाही.

*आधीच ऐकू येणारा प्रतिध्वनी.* शांत सुरुवातीआधी, किंवा ब्रासच्या (पितळी वाद्यांच्या) मोठ्या फटक्याआधी, तोच फटका पुसटसा ऐकू येतो. याला दोन वेगळी कारणं आहेत. पहिलं, शेजारच्या खाचेचा ठसा: लॅकर मऊ असतं, जोरदार खाच कापताना लगतच्या खाचेची भिंत किंचित दाबली जाते, प्लेटिंगमध्येही (लॅकरवरून धातूचा साचा बनवताना) थोडी भर पडते. हा प्रतिध्वनी नेहमी १.८ सेकंद आधी येतो. दुसरं, टेपच्या गुंडाळीत एका थराचा चुंबकीय ठसा दुसऱ्यावर उमटणं. त्याचं अंतर गुंडाळीच्या परिघावर अवलंबून असतं. सेकंदाला १५ इंच वेगाच्या, साडेदहा इंची रिळावर बाहेरच्या थरांत ते सुमारे २ सेकंद असतं आणि आतल्या थरांत जेमतेम १ सेकंद. म्हणून अल्बममधल्या निदान दोन लांबच्या जागी मोजा. दोन्हीकडे १.८ भरले तर कापणीचा ठसा. अंतर बदललं तर टेपचा, आणि तो सीडीवरही तसाच ऐकू येईल.

यातलं काहीच प्रत बदलून सुटत नाही. कापणीचा ठसा टाळायचा तर बाजूवर कमी मिनिटं घेऊन खाचा दूर ठेवाव्या लागतात किंवा तांब्याच्या चकतीवर थेट कापणी करावी लागते. तांबं लॅकरसारखं दबत नाही. त्यामुळे विकत घेतानाच बाजूची लांबी पाहिलेली बरी. दर बाजूला १८-२० मिनिटं ठीक. २५च्या पुढे गेलं की एकतर आवाज खाली घेतलेला असतो नाहीतर खाचा दाटीने कापलेल्या असतात, आणि शांत तारवाद्यांच्या संगीतात दोन्ही जाणवतं.

*डुलणारा सूर.* भोक केंद्रात नसेल तर सुई फेऱ्यागणिक आतबाहेर झुलते आणि सूर चढ-उतार करतो. ढोल-ताशाच्या संगीतात हे लपून जातं. पियानो, एकटी बासरी, लांब धरलेला तारांचा स्वर यांत नाही लपत. पार्श्वसंगीताचे संग्राहक याबाबत इतरांपेक्षा हळवे असतात ते उगाच नाही. मोजायला सोपं आहे: आतल्या बाजूचा क्यू लावा, टोनआर्मच्या (सुईच्या दांड्याच्या) डोक्याखाली पट्टी धरा, वरून फोनने व्हिडिओ घ्या. एकूण झोका १ मिलिमीटर असेल तर भोक ०.५ मिलिमीटर सरकलेलं आहे. सूर किती हलेल हे सरकलेलं अंतर भागिले त्रिज्या या हिशोबाने निघतं. सर्वांत बाहेर, १४६ मिलिमीटर त्रिज्येवर ०.३४ टक्के, म्हणजे सुमारे ६ सेंट (अर्धस्वराचा शंभरावा भाग म्हणजे एक सेंट). आत, ६० मिलिमीटरवर ०.८३ टक्के, सुमारे १४ सेंट. बाहेर चालून गेलेला दोष शेवटच्या क्यूला असह्य का होतो, ते या दोन आकड्यांत दिसतं. मानकात ०.२ मिलिमीटरपर्यंतची सूट आहे. एकूण झोका ०.४च्या आत असेल तर तक्रार करून उपयोग नाही.

एक बाजू ठीक आणि दुसरी डुलते, असं असेल तर गोंधळू नका. दोन बाजूंचे स्टँपर वेगवेगळे बसवलेले असतात. हा दोष प्रतींनुसार बदलू शकतो, त्यामुळे बदलून मागायला हरकत नाही. भोक कानसून मोठं करायचा सल्ला जागोजागी मिळतो. तो चालतो खरा, पण त्यानंतर प्रत बदलून मिळण्याचा हक्क गेला आणि पुढच्या खरेदीदाराच्या लेखी तबकडीची किंमतही गेली. साठा संपलेला असेल तरच हा मार्ग.

*फाटल्यासारखी खरखर.* प्रेसमध्ये गरम विनाइल खाचेत पूर्ण भरलं नाही की कापड फाडल्यासारखा आवाज येतो, बहुधा एकाच चॅनलमध्ये, काही सेकंद ते काही मिनिटं. टॉर्चच्या उजेडात तिथे राखाडी, टाचणीने टोचल्यासारखा पट्टा दिसतो. जाड १८० ग्रॅमच्या आणि रंगीत तबकड्यांत हे पुन्हा पुन्हा आढळतं, कारण तापमान, दाब आणि वेळ यांचं गणित तिथे जास्त नाजूक असतं. धुऊन जाणार नाही. धुण्याआधी आणि नंतर आवाज अगदी सारखा असेल तर हाच दोष. बदलून मागा. रंगीत आणि काळी अशा दोन आवृत्त्या असतील तर बदली म्हणून काळी मिळते का, हे विचारून पाहण्यासारखं असतं. चित्र छापलेल्या तबकडीच्या सुस्काऱ्याबद्दल मात्र तक्रार करू नये. तिथे खाच छापील चित्रावरच्या पातळ फिल्ममध्ये असते आणि आवाज वाढणारच.

*शेवटच्या क्यूचं फाटणं.* बाहेरच्या खाचेत सुईखालून सेकंदाला सुमारे ५१ सेंटिमीटर विनाइल जातं, आतल्या खाचेत २१. तेवढ्याच आवाजासाठी जागा निम्म्याहून कमी. आणि पार्श्वसंगीताच्या अल्बममध्ये सगळ्यात मोठा, कोरस-ब्राससकटचा क्यू नेमका शेवटी येतो. इथे लेबलला दोष देण्याआधी घर तपासा, या क्रमाने:

१. वजनकाट्यावर सुईचा भार मोजा. उत्पादकाने दिलेल्या मर्यादेच्या वरच्या टोकाजवळ ठेवा; कमी भार हा जास्त भारापेक्षा खाचेला जास्त घातक असतो, कारण सुई उड्या मारते.

२. कार्ट्रिज (सुई धरणारा भाग) प्रोट्रॅक्टरवर (कोन जुळवायच्या छापील पट्टीवर) बसवा. एलपीसाठी नेहमीच्या बेअरवाल्ड पद्धतीत दोन बिंदू केंद्रापासून ६६.० आणि १२०.९ मिलिमीटरवर असतात. दोन्हीकडे कार्ट्रिज रेषांशी समांतर हवं.

३. फाटणं एकाच चॅनलमध्ये असेल तर अँटीस्केटिंग (सुईला आत ओढणाऱ्या जोराची भरपाई) आणि डोक्याचा तिरकेपणा पाहा. दोन्हींत सारखं असेल तर बसवणी किंवा सुईची झीज.

४. सुई किती तास चालली याचा हिशोब ठेवा. बहुतेक सुयांचं आयुष्य ५०० ते १००० तासांत मावतं.

५. गोल टोकाची सुई आतल्या खाचा नीट वाचू शकत नाही. लंबवर्तुळाकार किंवा त्याहून बारीक टोकाने फरक पडतो.

एवढं करूनही फक्त याच एका अल्बमचा शेवट फाटत असेल आणि दुसऱ्या चांगल्या एलपीचा शेवट स्वच्छ वाजत असेल, तर कापणीतच जास्त आवाज भरला आहे.

*जागा बदलणारी चटचट* ही स्थिर विद्युत किंवा धूळ, बाकी काही नाही. नवी तबकडीही कागदी आवरणाचे कण घेऊन येते. कार्बन ब्रशने पुसा. भागलं नाही तर डिस्टिल्ड पाण्यात १० ते २० टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि लिटरला चार-पाच थेंब फोटोग्राफीतला वेटिंग एजंट घालून धुवा, मग नुसत्या डिस्टिल्ड पाण्याने. लेबल ओलं होऊ देऊ नका. शेलॅकच्या ७८ फेऱ्यांच्या तबकड्यांना आणि लॅकरच्या मूळ चकत्यांना हे मिश्रण कधीच लावू नका, अल्कोहोल त्यांना विरघळवतं. आतलं आवरण अस्तर असलेलं अँटीस्टॅटिक घ्या. बाहेरचं पॉलिप्रॉपिलीन किंवा पॉलिइथिलीन. पीव्हीसीच्या आवरणांतून निघणाऱ्या द्रव्याने विनाइलवर धुरकट थर चढतो आणि तो पुसून जात नाही. घट्ट ताणलेलं श्रिंकरॅप काढून टाका, आवरण आक्रसून तबकडीला बाक येतो. वरचं स्टिकर हवं असेल तर तेवढं कापून ठेवा.

सीडी

सीडी आतून बाहेर वाचली जाते, त्यामुळे तिचा शेवट बाहेरच्या कडेला असतो, जिथे बोटं लागतात. शिवाय मूळ मर्यादा ७४ मिनिटांची. रीइश्यूवाले ७८-७९ मिनिटं भरतात आणि त्यासाठी सीडीवरच्या सर्पिल रेषेच्या फेऱ्यांमधलं अंतर सहनशीलतेच्या टोकाला न्यावं लागतं. श्रेयनामावलीचं संगीत अडखळतं आणि बाकी सगळं स्वच्छ वाजतं, अशी तक्रार जुन्या प्लेअरवर आली तर आधी मधून कडेकडे सरळ रेषेत पुसा, मग दुसऱ्या यंत्रावर वाजवा. गोल गोल पुसू नका.

दोष तबकडीचा की प्लेअरचा, याचा निकाल रिपिंगने (सीडी संगणकावर उतरवून) लागतो. एक्झॅक्ट ऑडिओ कॉपीसारख्या प्रोग्रॅममध्ये ‘टेस्ट अँड कॉपी’ करा. दोन्ही वाचनांचा सीआरसी (वाचलेल्या डेटाचा पडताळणी आकडा) जुळला आणि अ‍ॅक्युरेटरिप या ऑनलाइन संग्रहातल्या इतरांच्या नोंदीशीही जुळला, तर तुमची सीडी निर्दोष वाचली गेली. ऐकू येणारी टकटक मास्टरमध्येच आहे आणि सगळ्यांकडे आहे. दोन वाचनं आपसांतच जुळली नाहीत तर तबकडी किंवा ड्राइव्ह. आपसांत जुळली पण इतरांशी नाही, तर वेगळं प्रेसिंग असण्याची शक्यता जास्त. त्यात बिघाड शोधत बसू नका. या एका चाचणीने जेवढे वाद मिटतात तेवढे महिनाभर ऐकून मिटत नाहीत.

क्यूंच्या मध्ये अर्धवट खंड पडतोय? सीडीवर ट्रॅकची खूण सलग आवाजातही ठेवता येते. खंड बहुतेक वेळा फाइल किंवा प्लेअर घालतो. एमपीथ्री ठरावीक मापाच्या चौकटींत आवाज भरते आणि दोन्ही टोकांना थोडी शांतता चिकटते. एफएलएसी (आवाज न घटवणारा फाइलप्रकार) वापरा, प्लेअरमधलं गॅपलेस सुरू करा. प्रत बर्न करत असाल तर ‘डिस्क-अ‍ॅट-वन्स’, नाहीतर दर ट्रॅकला दोन सेकंदांची फट पडेल.

ऐंशीच्या दशकातली, विशेषतः जपानी छपाईची सीडी रिप केल्यावर टोचरी, कर्कश वाटते आणि जुन्या प्लेअरवर मात्र मऊ वाजते, तेव्हा ती प्री-एम्फसिस असलेली असते. त्यात वरच्या पट्ट्या मुद्दाम उंचावून भरलेल्या असतात, सर्वांत वर सुमारे ९-१० डेसिबल, आणि खूण वाचून प्लेअर त्या खाली आणतो. काही सीडींत ही खूण सूचीमध्ये नसते, फक्त सबकोडमध्ये (आवाजासोबतच्या छुप्या माहितीत) असते, म्हणून प्रोग्रॅम ती चुकवतो. सॉक्स या ध्वनिसंपादन प्रोग्रॅममधला ‘डीएम्फ’ लावा. अंदाजाने ट्रेबल कमी करू नका, वक्ररेषा जुळत नाही.

जुन्या प्रती विकत घेणाऱ्यांनी कड जरूर पाहावी. ब्रिटनमधल्या ब्लॅकबर्न इथल्या पीडीओ कारखान्यात १९८८ ते १९९३च्या दरम्यान बनलेल्या कित्येक सीडी कडेपासून तांबूस-सोनेरी होत जातात. आवरणाच्या कागदातलं गंधक अपुऱ्या लाखेतून आत शिरून परावर्तक थर खातं. चित्रपट-संगीतकार बर्नार्ड हरमन यांनी स्वतः संचालन केलेली रेकॉर्डिंग ज्या युनिकॉर्न-कांचना लेबलने काढली, तेही या यादीत आहे. आतल्या कड्यावर ‘मेड इन यूके बाय पीडीओ’ दिसलं आणि कड तांबूस असेल तर त्याच दिवशी रिप करा. हा क्षय थांबत नाही, आणि शेवटचे ट्रॅक सर्वांत आधी जातात. याच वयाच्या जाड जोडपेट्यांतला फोमचा तुकडा काढून फेकून द्या; तो विरघळून तबकडीला चिकटतो. उजेडासमोर धरल्यावर दिसणारी एक-दोन सुईएवढी छिद्रं मात्र रिप जुळत असेल तर मनावर घेऊ नका. खालच्या बाजूला १.२ मिलिमीटर पॉलिकार्बोनेट आहे, तिथले ओरखडे घासून निघतात. छापील बाजूचा ओरखडा थेट धातूच्या थरावर जातो, तो कायमचा.

‘पहिली आवृत्ती’ म्हणून विकल्या जाणाऱ्या सीडीवर आतल्या कड्याला ‘आयएफपीआय’ने सुरू होणारा बारीक संकेत असेल तर ती १९९४ किंवा नंतरच्या छपाईची आहे. हे संकेत त्याआधी नव्हतेच.

खोट मास्टरमध्येच असेल तर

इथे १.८ सेकंद पुन्हा उपयोगी पडतात, या वेळी सीडीवर. जुन्या मोनो संगीताच्या स्वस्त सीडीच्या शांत भागात १.८ सेकंदांच्या ठेक्याने घरघर किंवा टकटक सापडली, तर ती टेपवरून नव्हे, एलपीवरून उतरवलेली आहे. युरोपात १९६३ आधी प्रसिद्ध झालेली रेकॉर्डिंग हक्कमुक्त झालेली आहेत, त्यामुळे मूळ टेपला हात न लावता असे अल्बम काढता येतात. अशांची एलपी निघाली तर तिच्यात दोन टकटकी असतात, एक तुमच्या तबकडीची आणि एक पन्नास-साठ वर्षांपूर्वीची.

डावं-उजवं उलटं झालंय का, हे नेहमीच्या बैठकीच्या ऑर्केस्ट्रात सहज कळतं: पहिली व्हायोलिन डावीकडे, डबलबास उजवीकडे. पण काही संगीतकार मुद्दाम वेगळी बैठक घेतात, म्हणून जुन्या आवृत्तीशी ताडून मगच बोला. एका चॅनलची ध्रुवता (लहरीचं वर-खाली) उलटली असेल तर दोन्ही मिसळून मोनो ऐकताच बास गायब होतो. दोन्ही गोष्टी रिप केल्यावर मिनिटभरात दुरुस्त होतात; त्यासाठी सीडी परत पाठवणं व्यर्थ.

सुस्कारा घालवण्याचा अतिरेक हेडफोनवर क्यूच्या शेवटच्या तीन सेकंदांत पकडा. खोलीचा घुमारा हळूहळू विरायला हवा. तो कापल्यासारखा संपला, किंवा पाण्याखालून आल्यासारखा डुचमळला, किंवा बासरीबरोबर सुस्कारा येतो आणि तिच्याबरोबर जातो, तर सुस्कारा काढताना आवाज जास्तच घासला आहे. थोडा सुस्कारा असलेली जुनी सीडी अशा वेळी खुशाल ठेवावी. आवाज दाबून मोठा केलाय का, हे जुनी आणि नवी लहर शेजारी ठेवून बघा. शिखरं सपाट कापलेली दिसतील. मात्र एलपीवरून उतरवलेल्या फाइलचा डायनॅमिक रेंजचा (हळू आणि मोठ्या आवाजातल्या अंतराचा) आकडा सीडीपेक्षा मोठा आला म्हणून एलपीचं मास्टर चांगलं, असं समजू नका. खाचेतून वाचताना फेज (लहरींचा आपसांतला मेळ) बदलतो, शिखरं उंचावतात, आणि एकाच मास्टरचा आकडा फुगतो.

बदलून मागताना

अल्बम आला की पहिल्याच आठवड्यात सगळ्या बाजू ऐका. पॅक ठेवलेल्या प्रतीतला दोष दोन वर्षांनी सापडून उपयोग नाही. पत्रात कॅटलॉग नंबर, मॅट्रिक्स, बाजू किंवा ट्रॅक, मिनिट-सेकंद, दोष १.८ सेकंदांनी येतो की एकदाच, धुतल्यावर फरक पडला का, दुसऱ्या यंत्रावर काय झालं, हे लिहा. वीस-तीस सेकंदांचा नमुना आणि फोटो जोडा. सीडी असेल तर रिपचा लॉग. ‘आवाज खराब आहे’ एवढंच लिहिलेल्या पत्राला उत्तर म्हणून सुई तपासायला सांगतात, आणि ते रास्तच आहे.

दोष मास्टरचा किंवा स्टँपरचा असेल तर बदली मागण्याऐवजी दुरुस्त तबकडी निघणार आहे का, असं विचारा. चूक मान्य केलेली लेबलं बहुधा पेटीविना नुसती तबकडी पाठवतात, म्हणून जुनी पेटी आणि पुस्तिका टाकू नका. नवी आली की वाजवण्याआधी मॅट्रिक्स शेजारी ठेवून वाचा. एकही अक्षर किंवा अंक बदललेला नसेल तर तीच छपाई पुन्हा आलेली असू शकते. सीडी असेल तर रिपचा सीआरसी जुन्याशी ताडा, एलपी असेल तर त्याच मिनिट-सेकंदावर सुई टेका आणि कोरणीपासूनचा कोन मोजा.